हेडफोनमधून गायकाचा आवाज नाहीसा होतो, वाद्ये मात्र ऐकू येतात

प्रश्न:
माझ्या वायरच्या हेडफोनमध्ये अलीकडे एक विचित्र दोष आला आहे. गाणे लावले की गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि बेस पोकळ वाटतो, पण मागची व्हायोलिन आणि आवाजाला दिलेला घुमारा एरवीपेक्षा स्पष्ट ऐकू येतो. प्लगजवळची वायर वाकवून धरली की क्षणभर सारे पूर्ववत होते. फोन बदलूनही फरक पडला नाही. दुरुस्ती तर करायचीच आहे. मात्र गाण्याचा हा एरवी दडलेला भाग मला फार आवडला असून तो पुढेही मुद्दाम ऐकता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १:
दोन्ही स्पीकरची सामाईक ग्राउंड तार, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, तुटलेली दिसते. तीन भागांच्या प्लगमध्ये टोकातून डावा चॅनल जातो, मधल्या कड्यातून उजवा, आणि दोघांचाही प्रवाह बुंध्याकडच्या भागातून परत येतो. ही परतीची वाट बंद झाली की दोन्ही स्पीकर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले जातात आणि त्यांना डाव्या-उजव्या सिग्नलमधला केवळ फरक मिळतो. बहुतेक ध्वनिमुद्रणांत गायक आणि बेस दोन्ही चॅनलमध्ये सारखेच ठेवलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांतून वजा होतात. घुमारा दोन्हीकडे वेगवेगळा असल्याने तो उरतो.

खात्री करण्यासाठी फोनमध्ये मोनो (दोन्ही चॅनलना एकच मिश्र आवाज देणारी सोय) चालू करा, म्हणजे जवळजवळ शांतता पसरेल. मग मोनो बंद करून बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या. आवाज दोन्ही कानांत आला, तर निदान पक्के. विद्युत रोध मोजणारा मल्टिमीटर असल्यास ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये टोक ते बुंधा हे माप ३२ च्या आसपास यायला हवे. तुमच्याकडे ते जोडणीच दाखवणार नाही आणि टोक ते कडे मात्र सुमारे ६४ येईल.

उत्तर २:
प्लग माइकसह चार भागांचा असेल, तर तार शाबूत असूनही असेच घडू शकते, कारण अशा प्लगमध्ये माइक आणि ग्राउंड यांच्या जागांच्या दोन परस्परविरुद्ध पद्धती आहेत. माइकचे बटण दाबून धरल्यावर आवाज सुधारला, तर दोष जुळणीचा आहे. अर्थात, वायर वाकवल्याने फरक पडतो आहे, म्हणून मला पहिलेच निदान अधिक पटते.

उत्तर ३:
अशा तारा प्लगच्या मुळाशीच तुटतात, तेव्हा तेवढा भाग कापून नवा प्लग लावावा. आतील बारीक तारांवर रंगीत इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप, असते. ते जाळून टोकांना कथील चढल्याशिवाय डाग (सोल्डरचा जोड) धरत नाही, आणि घरगुती दुरुस्त्या बहुधा इथेच फसतात. रंगांवर विसंबू नका, कारण त्यांची पद्धत सगळीकडे एकच नसते. कोणती तार कुठली, हे मल्टिमीटरने ठरवा. नंतर मोनो ध्वनिमुद्रण ऐका: आवाज डोक्याच्या मध्यभागी न येता विखुरला आणि बेस पातळ वाटला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत.

आवडलेल्या परिणामासाठी तुटकी तार सांभाळण्याची गरज नाही. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये स्टिरिओ ट्रॅकचे दोन मोनो ट्रॅक करा, एकाची ध्रुवता उलटी करा (म्हणजे त्याची लहर वरची खाली करा) आणि दोन्ही एकत्र वाजवा. त्यासाठी फ्लॅकसारखी, आवाजातले काहीही न गाळणारी फाइल वापरा, कारण कमी बिटरेटच्या एमपीथ्रीमध्ये चॅनलमधल्या फरकावरच काटकसर केलेली असू शकते आणि मग घुमाऱ्याऐवजी बुडबुड्यांसारखी खरखर ऐकू येते.