मदत हवी आहे: प्रिंट-कट मशीनवर स्टिकरची कड दातेरी कापली जातेय

रेघोट्या
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. प्रिंट एकदम झकास येतंय, पण कापल्यावर स्टिकरची कड फाटल्यासारखी दिसते. बोट फिरवलं की खरखर लागते. आजूबाजूचं जादा व्हिनाईल (चिकट प्लॅस्टिक फिल्म) सोलायला घेतलं की मध्येच स्टिकरही त्याच्याबरोबर उचलला जातो. ब्लेड नवीन टाकलं, फोर्स (ब्लेडचा दाब) वाढवला, फरक शून्य. माल अडकलाय आणि गिऱ्हाईक सारखं फोन करतंय. काय करू?

धारदार
ब्लेड किती अंशाचं? व्हिनाईल कुठलं? वर लॅमिनेशन (पारदर्शक संरक्षक फिल्म) आहे का? फोर्स आणि स्पीड किती ठेवलाय? कड सगळीकडे खराब येते की ठरावीक जागी? हे कळल्याशिवाय नेमकं काही सांगता येणार नाही.

रेघोट्या
नेहमीचं पांढरं व्हिनाईल, नेहमीचं ब्लेड. मागच्या महिन्यापर्यंत याच सेटिंगवर व्यवस्थित कापत होतं. म्हणून तर विचारतोय.

सोलूनपाहा
60 अंशाचं ब्लेड टाका, विषय संपला. माझ्याकडेही असंच व्हायचं. 45 अंशाचं काढून टाकलं आणि तेव्हापासून कड आरशासारखी येते.

धारदार
सोलूनपाहा, 60 अंशाचं ब्लेड जाड मटेरियलसाठी आणि बारीक अक्षरांसाठी असतं. साध्या व्हिनाईलचं सगळं काम 45 वर होतं. त्यांचं गेल्या महिन्यापर्यंत होतही होतं. ब्लेडचा अंश आपोआप बदलत नाही, म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे. उगाच त्यांना खर्चात पाडू नका.

सोलूनपाहा
मी स्वतः वापरून सांगतोय, पुस्तकात वाचून नाही. लॅमिनेशन केलेल्या मालावर 60 चा फरक हाताला जाणवतो.

धारदार
लॅमिनेशन आहे असं ते अजून बोललेलेच नाहीत!

रेघोट्या
लॅमिनेशन तर असतंच हो. प्रिंटचं काम आहे, ग्लॉसी फिल्म नेहमीच लावतो. शाई इको-सॉल्व्हंट.

ओलीशाई
मग मला सांगा, प्रिंट झाल्यावर लॅमिनेशन किती वेळाने करता? सॉल्व्हंट शाई वरून हाताला कोरडी लागली तरी आतला सॉल्व्हंट (शाईतला द्रव) निघून जायला वेळ लागतो. निदान 24 तास तरी रोल सैल सोडून ठेवायला हवा. घट्ट गुंडाळून ठेवलात तर तो वेळ धरूच नका, कारण हवाच लागत नाही. वर लगेच फिल्म बसली की सॉल्व्हंट आत अडकतो, व्हिनाईल आणि गोंद दोन्ही मऊ पडतात. मऊ पडलेलं व्हिनाईल ब्लेडखाली कापलं न जाता ओढलं जातं. गाठीगाठीची कड आणि सोलताना स्टिकर उचलला जाणं, दोन्ही त्याचीच लक्षणं. गडद रंग जिथे भरून छापलाय तिथेच जास्त होतंय का, ते बघा.

रेघोट्या
रात्रभर ठेवतो. गडद-फिकट असा काही फरक दिसत नाही. पांढऱ्या जागेवरही तसंच येतंय.

नोडमोजे
फाइल तपासली का? जेपीजीवरून ऑटो-ट्रेस करून (सॉफ्टवेअरला आपोआप काढायला लावून) कटलाइन काढली असेल तर एका गोलावर शेकडो नोड, म्हणजे रेषेचे बिंदू, बसतात. प्रत्येक नोडला ब्लेड क्षणभर थबकतं आणि कड करवतीसारखी येते. कटलाइन पेन टूलने हाताने काढा, नोड कमी ठेवा. मी तर ऑटो-ट्रेस कायमचं सोडलंय.

कोपराकापे
ग्लॉसी लॅमिनेशनवर सेन्सरला रजिस्ट्रेशन मार्क (कट कुठे पाडायचा ते ओळखायच्या छापील खुणा) नीट दिसत नाहीत. मार्कवर मॅट पारदर्शक टेपचा तुकडा लावा, लगेच वाचेल.

धारदार
कोपराकापे, मार्क वाचण्याची त्यांची तक्रारच नाहीये. कट जागेवर पडतोय, फक्त कड खराब आहे.

कोपराकापे
तरी पुढे कामाला येईल म्हणून सांगितलं. मला त्यात खूप त्रास झाला होता.

दोनमशीन
प्रिंटर आणि कटर वेगवेगळेच घ्यावेत या मताचा मी आहे. कटिंग चालू असेपर्यंत प्रिंटिंग अडून बसतं आणि कटर बिघडला की पूर्ण धंदा थांबतो.

ओलीशाई
जागा कमी असेल तर एकच मशीन बरं पडतं. पण यासाठी वेगळा धागा काढा, इथे त्यांचा माल अडकलाय.

आडवीरेघ
रेघोट्या, कड सगळीकडे खराब की ठरावीक जागी, या धारदार यांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय आणि खरी मेख तिथेच आहे. काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. प्रिंट नको, साधं व्हिनाईल घ्या. रुंदीभर डावीकडून उजवीकडे एकाच मापाचे चौकोन आणि गोल कापा. मग तीच फाइल चार बोटं बाजूला सरकवून परत कापा.

खराब कड आकाराबरोबर सरकली तर दोष फाइलमध्ये. मशीनवर त्याच जागी राहिली तर दोष ब्लेडखालच्या कटिंग स्ट्रिपमध्ये (मशीनवर चिकटवलेली आधाराची पट्टी). सगळीकडे सारखीच खराब आली तर ब्लेड, ब्लेडचा होल्डर किंवा मटेरियल.

आणखी एक: स्टिकर रिलीज पेपरसकट (मागच्या सोलायच्या कागदासकट) आरपार कापून देता का?

रेघोट्या
हो, सुट्टे स्टिकर आरपारच कापून देतो. चाचणी करून बघतो.

सोलूनपाहा
चाचणीपेक्षा 60 चं ब्लेड लवकर लागलं असतं.

होल्डरवाली
रेघोट्यादादा, थांबला आहात तोवर होल्डर उघडून बघा. आत व्हिनाईलचे बारीक धागे आणि गोंदाचा चिकटा बसतो. ब्लेड होल्डरमध्ये बोटाने अलगद फिरवलं तर मोकळं फिरायला हवं. अडकत असेल तर वळणावर ते वेळेत दिशा बदलत नाही, गोल जिथून सुरू झाला तिथे येऊन मिळत नाही. मग नवीन ब्लेड टाकूनही उपयोग नाही.

रेघोट्या
चाचणी झाली. होल्डरमध्ये कचरा होता, साफ केला, थोडा फरक पडला. पण डावीकडच्या पट्ट्यात कड अजून तशीच आहे. फाइल सरकवली तरी खराब जागा मशीनवर तिथेच राहते. उजवीकडे कट एकदम स्वच्छ. ब्लेडखालची पट्टी बघितली तर डावीकडे नख अडकेल एवढी खाच पडलीय.

आडवीरेघ
मग सापडलं. व्हिनाईल पुढेमागे सरकतं, स्ट्रिप मात्र जागेवरच असते. त्यामुळे ब्लेडचे सगळे घाव तिच्यावर एकाच रेषेत पडतात. आरपार कटिंगमध्ये ब्लेड पेपर ओलांडून थेट स्ट्रिपमध्ये उतरतं. तुम्ही माल दरवेळी डावीकडेच लावत असणार, म्हणून खाच तिथे खोल झाली. आता त्या जागी व्हिनाईलला खालून आधारच नाही. ब्लेडच्या दाबाने ते खाचेत दबतं आणि चिरण्याऐवजी फाटतं. फोर्स वाढवलात तशी खाच आणखी खोल होत जाते.

स्ट्रिप बदला. जुनी काढल्यावर खालचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. नवी लावताना अजिबात ताणू नका. ताणून लावलेली नंतर आखडते आणि टोकाला उचलली जाते. वरून नख फिरवून फुगवटा राहिला नाही ना, ते बघा.

धारदार
आणि वाढवलेला फोर्स आधी खाली आणा, नाहीतर नवी स्ट्रिपही जाईल. आरपार नसलेल्या कटमध्ये स्टिकर सोलल्यावर रिलीज पेपरवर फक्त पुसट रेघ दिसली पाहिजे. पेपर उलटा करून मागून बोटाला रेघ लागत असेल तर ब्लेड खोल जातंय.

रेघोट्या
नवीन स्ट्रिप यायला वेळ लागणार. तोवर माल उजवीकडे लावून कापतोय, कड स्वच्छ येतेय. अर्धी ऑर्डर निघाली. आडवीरेघ, होल्डरवाली, खूप आभार. फक्त चौकोनाच्या कोपऱ्यावर बारीक शेपूट येतंय, ते कशाने?

होल्डरवाली
ऑफसेट (ब्लेडचं टोक त्याच्या मध्यापासून किती बाजूला आहे, ते सेटिंग) जास्त आहे. 45 अंशाच्या ब्लेडला बहुधा 0.25 मिमी असतो, पाकिटावर लिहिलेलं बघून तोच आकडा टाका. कोपरे गोलसर यायला लागले तर समजा ऑफसेट कमी पडतोय.

सोलूनपाहा
60 ला ऑफसेट वेगळा असतो, पाकीट बघूनच टाका.

नोडमोजे
उजवीकडे माल लावताना पिंच रोलर (व्हिनाईल दाबून धरणारी चाकं) कडेच्या बाहेर नाहीत ना बघा, नाहीतर लांब कामात व्हिनाईल तिरकं जाईल.