मदत हवी आहे: मोल्डिंग बाहेर देताना साचा कुणाच्या नावावर ठेवावा?

टाकीवाला
नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी मोबाइलवर दाखवणारं यंत्र आम्ही बनवतो. त्याची डबी (१२ × ८ सें.मी., झाकण वेगळं) सध्या थ्रीडी प्रिंट करतो, महिन्याला ३००. मागणी २,००० ची आहे. भोसरीतले एक मोल्डर (साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक भरून नग काढून देणारे) म्हणतात, "साचा माझ्या खर्चाने करतो, तुम्ही नगाप्रमाणे दर द्या. मटेरियल एबीएस प्लॅस्टिक." भांडवल कमी असल्याने सोयीचं वाटतंय. पुढे काय अडचण येईल? जुळणी आणि तपासणीही त्यांनाच द्यावी का?

भोसरीकर
दराचं नंतर बघा, आधी मटेरियल. गच्चीवरच्या उन्हात साधं एबीएस पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं, मग स्क्रूच्या बॉसपाशी (स्क्रू बसतो त्या उंचवट्यापाशी) तडा जातो. एएसए घ्या, ते उन्हात टिकणारं प्लॅस्टिक आहे. त्याचं आकुंचन एबीएससारखंच, साधारण ०.४ ते ०.७ टक्के, त्यामुळे साचा तोच चालतो. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) स्वस्त आहे, पण ते १ ते २.५ टक्के आकसतं. एबीएससाठी कापलेल्या साच्यातून पीपीचा नग काढलात तर गॅस्केटची (पाणी अडवणाऱ्या रबरी पट्टीची) खाच जुळणार नाही. म्हणून साच्याचं स्टील कापण्याआधी मटेरियल पक्कं करा.

थ्रीडी प्रिंटची फाइल जशीच्या तशी देऊ नका. भिंत सगळीकडे २ ते २.५ मि.मी., रिब (आतली आधाराची पट्टी) भिंतीच्या ५०-६० टक्के (जाड केली की बाहेरून सिंक मार्क, म्हणजे खळगा दिसतो), उभ्या बाजूंना किमान १ अंश ड्राफ्ट (नग साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार).

आता साचा. तो त्यांचा असेल तर दर वाढवला किंवा माल लांबवला तरी तुम्हाला हलता येत नाही. कर्ज काढावं लागलं तरी साचा स्वतःच्या नावावर करा. पैसे टप्प्याने द्या: ४० टक्के आगाऊ, ४० पहिले नमुने मापात आल्यावर, २० टक्के सलग ५०० नग नीट निघाल्यावर. साच्यावर तुमच्या फर्मचं नाव कोरून घ्या, थ्रीडी आणि टूडी ड्रॉइंग ताब्यात घ्या. लोकेटिंग रिंग (साचा मशीनवर मध्यभागी बसवणारी कडी), स्प्रू बुशची (प्लॅस्टिक साच्यात शिरतं त्या तोंडाची) त्रिज्या, इजेक्टरची (नग बाहेर ढकलणाऱ्या दांड्याची) जागा आणि टाय-बारमधलं (मशीनच्या खांबांमधलं) अंतर दुसऱ्या एखाद्या शॉपच्या मशीनशी आधीच जुळवून बघा, नाहीतर साचा उचलून न्याल आणि तिथे तो बसणारच नाही.

जुळणी, प्रोग्रॅम भरणं आणि पाणी शिरतंय का ही चाचणी मात्र स्वतःकडेच ठेवा. गिऱ्हाइकाची तक्रार येते ती तिथलीच.

ताळेबंद
साचा तुमचा असेल तर तो डिलिव्हरी चलनावर पाठवा. जीएसटीत जॉबवर्कला (आपला माल देऊन दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) दिलेला कच्चा माल १ वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. साचे, डाय, जिग अशा हत्यारांना ही मुदत नाही, पण चलन आणि नोंद हवीच.

प्लॅस्टिकचे दाणे तुम्ही देणार असाल तर वजनाचा हिशोब करारात घाला. समजा नग ६२ ग्रॅम आणि रनर (साच्यातल्या वाटेत उरलेलं प्लॅस्टिक) ५ ग्रॅम, तर २,००० शॉटना (साचा तितक्या वेळा भरायला) १३४ किलो लागतात. त्यातले १० किलो रनर. ते दळून परत वापरायचे की नाही, वापरायचे तर किती टक्के, हे लिहा. लिहिलं नाही तर कुणाचं दळण तुमच्या डबीत गेलं ते कळणारही नाही.

मोल्डरची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसताना १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. चुकलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. शिवाय आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. वितरक तुम्हाला ९० दिवसांनी देत असेल तर मधल्या दिवसांचं खेळतं भांडवल आत्ताच मोजा. वाढीत गाडी अडते ती इथे.

टाकीवाला
आभारी आहे दोघांचा. डबी आणि झाकण एकाच साच्यात घेतलं तर स्वस्त पडेल, असंही ते म्हणताहेत.

भोसरीकर
पडतं, आणि दोन्हींचा रंगही एकसारखा येतो. पण झाकणात माल कमी, त्यामुळे ते आधी भरतं. डबी भरेपर्यंत झाकणावर दाब वाढत राहतो. मग कडेला फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेला पातळ पापुद्रा) येतो किंवा झाकण वाकतं, आणि गॅस्केट असूनही पाणी आत. शिवाय झाकणं जास्त रिजेक्ट झाली तर तेवढ्या डब्या नाहक साठतात. एकत्रच करायचं असेल तर गेट (प्लॅस्टिक नगात शिरण्याची तोंडं) वेगवेगळ्या मापाचे आणि रनरला शट-ऑफ (वाट बंद करायची सोय) मागा, म्हणजे नुसती झाकणं काढता येतील. मशीनही विचारा: साचा दाबून बंद ठेवायला नगाच्या दर चौरस सेंटिमीटरला ०.४ टन जोर धरला तर एकट्या डबीला ४० टनाच्या आसपास लागतं, दोन्हींना ८० च्या आसपास. त्यांच्याकडे ६० टनीच असेल तर एकत्र साच्याचा प्रश्नच मिटला.