सोसायटीच्या ग्रुपवर: माशांना औषध घातलं, पण टँकमधला कार्बन?

सी-५०२: माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत. काल रात्री निळं औषध घातलं, सकाळी बघते तर पाण्याचा निळा रंग गेलेला आणि ठिपके तसेच. औषध नकली निघालं का?

ए-२०४: ताई, फिल्टरमध्ये काळ्या दाण्यांची जाळीची पिशवी आहे का?

सी-५०२: आहे. टँकसोबतच आली होती.

ए-२०४: मग औषधाला दोष नको. तो अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, त्यानेच औषध ओढून घेतलं. एका ग्रॅममधल्या बारीक छिद्रांचा पृष्ठभाग जवळपास १,००० चौरस मीटर भरतो. मेथिलिन ब्लू, म्हणजे असल्या औषधातला निळा रंग, तर तो इतका छान पकडतो, की कार्बनचा दर्जा तपासायला हाच रंग वापरतात. पिशवी आत्ता बाहेर काढा आणि पाकिटावरच्या प्रमाणात औषध पुन्हा सुरू करा. स्पंज मात्र राहू दे, अमोनिया संपवणारे जिवाणू त्यातच असतात. आणि ठिपके एका रात्रीत जात नाहीत हो. ते परजीवीमुळे येतात. तो अंगात रुतलेला असेपर्यंत औषध त्याला लागत नाही, सुटून पाण्यात आला की मरतो. कोर्स अर्धवट सोडू नका.

बी-१०३: दादा, मग कार्बन कायमचाच काढला तर?

ए-२०४: रोज लागतोच असं नाही. पण कोर्स संपला की उरलेलं औषध काढायला नवा कार्बन लागेल. नळाखाली काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा आणि स्पंजमधून गेलेलं पाणी मिळेल असा ठेवा, म्हणजे गाळ आधीच अडेल. पिवळेपणा, वास, क्लोरीन याला तो उत्तम. अमोनिया, नायट्रेटला त्याचा उपयोग नाही, तिथे पाणीच बदलावं लागतं. साधारण महिन्याभरात तो भरतो. काचेमागे पांढरा कागद धरून समोरून बघा, पाणी पिवळट दिसलं की बदला.

डी-३०१: आमच्या आरओचा जुना कार्बन पडलाय. मुलांच्या टँकला देऊ का?

ए-२०४: नको काका. तो आधीच भरलेला, शिवाय पिण्याच्या पाण्याच्या काही कार्बनमध्ये चांदीचा अंश असतो, माशांना घातक.

डी-३०१: धुऊन ओव्हनमध्ये तापवला तर?

ए-२०४: ओलावा जाईल, बाकी बरंचसं आतच राहील. कारखान्यात ८०० अंशांच्या वर, वाफेत तापवतात तेव्हा छिद्रं मोकळी होतात.

ए-६०१: कार्बन बदलूनही आमच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) तेवढाच आहे.

ए-२०४: काकू, तेवढाच राहणार. विरघळलेले क्षार कार्बन काढत नाही, ते मेम्ब्रेनचं, म्हणजे आरओमधल्या अतिबारीक पडद्याचं काम. पण कार्बन संपला की क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर जातं आणि ती खराब होते. म्हणून टीडीएस चांगला दिसला तरी कार्बनची तारीख चुकवू नका.

सी-५०२: पिशवी काढली. कुंडीत रिकामी करू?

ए-२०४: नको ताई, त्यात औषध आहे. बांधून कचऱ्यात द्या.