कॅमेऱ्याला कचरा ओळखू येतो, पण पदार्थ कळतो का?

धागाकर्ता: कचऱ्याची छाननी आता कॅमेरा आणि संगणकच करतील, असं ठामपणे सांगितलं जातं. मला ते पटत नाही. संगणकाला कचरा ओळखायला शिकवण्याच्या अभ्यासात सर्रास वापरला जाणारा ट्रॅशनेट हा फोटोंचा संच पाहा. काच, कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू आणि उरलेला कचरा, एवढेच सहा प्रकार. २,५२७ फोटो, तेही पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकेक वस्तू ठेवून काढलेले. उरलेल्या कचऱ्याचे फक्त १३७! छाननी केंद्रातल्या सरकत्या पट्ट्यावर येतो तो माल चेपलेला, चिकट, पिशवीत पिशवी गुंतलेला.

प्रतिसाद १: तो संच शिकण्यापुरता आहे. प्रकल्पवाले स्वतःच्या पट्ट्यावरच्या मालाचे फोटो काढून यंत्राला शिकवू शकतात. आणि आज ही छाननी कोण करतं, हेही बघा ना! फुटक्या काचा, इंजेक्शनच्या सुया, वर कुबट वास. पट्टा काही थांबत नाही. माणसाचे हात यातून सुटणार असतील, तर थोड्या चुका मी चालवून घेईन.

धागाकर्ता: हातांचं शंभर टक्के मान्य. पण चूक थोडी असली तरी महागात पडते. पारदर्शक पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी हे दुसरं प्लास्टिक शेजारी ठेवा, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. पीव्हीसीचे मोजके तुकडे पीईटीत गेले, तरी वितळवताना त्यातून आम्ल सुटतं आणि माल पिवळा पडतो.

प्रतिसाद १: म्हणून तर जोडीला अवरक्त किरणांचा सेन्सर लावतात. त्या किरणांत प्रत्येक प्लास्टिकची खूण वेगळी दिसते. मात्र काळ्या प्लास्टिकपुढे तोही हतबल, कारण त्यातला कार्बन ते किरण शोषून घेतो. तिथे आकारावरून ट्रे ओळखायला कॅमेराच लागतो. लोखंड चुंबक उचलतं. एकट्या कॅमेऱ्यावर सगळं सोडा, असं मी म्हणतच नाही.

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही पट्ट्यापाशीच अडकलात. तेलाने माखलेला कागद यंत्राने 'कागद' म्हणून अचूक ओळखला, तरी त्याचा चांगला लगदा होत नाही. ओलं-सुकं घरातच वेगळं झालं नाही, तर पुढे कितीही हुशार यंत्र बसवा, हाती खराब मालच येणार.

धागाकर्ता: अगदी. आणि खेळण्याच्या पोटातली लिथियम बॅटरी? चुरा करणाऱ्या यंत्रात ती चिरडली की आग लागते. कॅमेऱ्याला दिसतं फक्त खेळणं.

प्रतिसाद १: हो, तिथे क्ष-किरण लागतील. हा मुद्दा तुमचा.