घोड्याचं फॅन व्हायचं तर जायचं कुठे?

कोथरूडची_ट्रेनर
आधीच सांगते, मला टिप नकोय आणि पैसेही लावायचे नाहीत.

२०२५ च्या जूनमध्ये 'उमामुसुमे' या गेमची इंग्रजी आवृत्ती आली, तेव्हापासून मी ती फोनवर खेळतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जपानमधले खरेखुरे शर्यतीचे घोडे त्यात मुलींच्या रूपात येतात आणि आपण त्यांचे ट्रेनर. ऐकायला खुळचट आहे, मान्य. पण त्या नादाने मी खऱ्या घोड्यांच्या जुन्या शर्यती यूट्यूबवर शोधायला लागले. आता रात्री एक वाजता १९९० सालच्या आरिमा किनेन या शर्यतीत ओगुरी कॅप हा घोडा जिंकताना बघून डोळे पुसत बसते, अशी अवस्था आहे.

मग म्हटलं, आपल्या पुण्यातच रेसकोर्स आहे की! सीझन संपायच्या आत एका रविवारी मैत्रिणीला ओढून घेऊन गेले. घोडे बघून जीव सुखावला. त्यातली एक तांबूस घोडी मनात भरली. कपाळावर पांढरा ठिपका, पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे, सारखी मान झटकत होती. घरी येऊन तिच्याबद्दल काही वाचावं म्हटलं तर हाती काय लागलं? वय, आईबापाचं नाव, पाठीवरचं वजन, मागच्या शर्यतींचे नंबर, भाव. वर 'आजची पक्की टिप' देणारी टेलिग्राम चॅनेल्स. तिचा स्वभाव कसा आहे, तिला सांभाळतं कोण, मान का झटकते, यावर कुणी एक ओळ लिहिलेली नाही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "रेस म्हणजे जुगार. त्यात फॅन कसलं व्हायचं?"

तर जपानवाले नेमकं करतात काय? आणि आपल्याकडे अशी काही सोय आहे का?

गिरगावचा_म्हातारा
पोरी, आई काही खोटं बोलत नाही. आम्ही मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सला जायचो ते पैसे लावायलाच. हातात कोल, म्हणजे शर्यतींच्या माहितीचं पुस्तक, कानामागे पेन्सिल, आणि घरी सांगायचं की मित्राकडे चाललोय.

पण म्हणून घोडा आवडत नव्हता असं नाही हां. स्क्वांडरर १९ शर्यती धावला, १८ जिंकला. इल्युसिव्ह पिंपरनेलच्या २३ पैकी २२. अशा घोड्यावर लावून मिळणार काय, कपाळ! भावच नसायचा. तरी लोक कठड्याला चिकटून उभे राहायचे, नुसते बघायला. जॉकी पांडू खाडेंचं नाव आमच्या वडिलांच्या तोंडी क्रिकेटपटूसारखं असायचं. हे सगळं फोनशिवाय झालं. फोनवर घोड्याचा वास येत नाही. पॅडॉकला उभी राहा, बाकी सगळं आपोआप होतं.

फुनाबाशीकर
काका म्हणतात ते पॅडॉकचं शंभर टक्के खरं, पण पॅडॉकपर्यंत माणूस आणायचा कसा हाच तर प्रश्न आहे. मी मूळ मिरजेचा, नोकरीनिमित्त जपानमध्ये चिबात राहतो. नाकायामा रेसकोर्स घरापासून जवळ. तू बघितलेली आरिमा किनेन तिथेच होते. पैसे लावतो का? कधीमधी १०० येन. तिथे पैज लावायचं तिकीटच १०० येनपासून आहे, त्यामुळे हौस स्वस्तात भागते.

आधी तुला तिथलं पॅडॉक दाखवतो. प्रवेशाचे २०० येन, पंधराच्या आतल्या पोरांना फुकट. कठड्याला कापडी फलक बांधलेले असतात, घोड्यांच्या नावाचे, जॉकींच्या नावाचे, बहुतेक चाहत्यांनी स्वतः करून आणलेले. मोठ्या बोर्डावर प्रत्येक घोड्याचं त्या दिवशीचं वजन, आणि शेजारी कंसात मागच्या शर्यतीपेक्षा किती किलो वाढलं किंवा घटलं तो आकडा. शेपटीला लाल फीत दिसली की समजायचं, हा लाथा मारतो. फ्लॅश मारायला बंदी. शेकडो माणसं आणि आवाज म्हणाल तर फक्त टापांचा आणि कॅमेऱ्यांचा. माझ्या शेजारी एकदा एक आजी उभ्या होत्या, वहीत घोड्यांचे कान कुठल्या दिशेला आहेत ते टिपत होत्या. पैसे लावणार का विचारलं तर म्हणाल्या, "छे, मी याच्या आईलाही बघायला यायचे."

आता ऑनलाइनचं. माझ्या मते तिथे दोन वेगळे जमाव आहेत आणि त्या लोकांनी त्यांची सरमिसळ होऊ दिलेली नाही. एक घोड्यावर जीव लावणाऱ्यांचा, दुसरा फोनवरून तिकीट काढणाऱ्यांचा. पहिल्याला गोष्ट लागते, दुसऱ्याला वेळापत्रक.

पहिल्या जमावासाठी सगळ्यात हुशार युक्ती ऑनलाइनच्या कितीतरी आधीची आहे. आरिमा किनेन १९५६ साली सुरू झाली तीच मुळी या कल्पनेवर की कुठले घोडे धावावेत ते प्रेक्षकांनी मतं देऊन सांगायचं. आज ते मतदान फोनवरून होतं. सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या पहिल्या १० घोड्यांना प्रवेशात प्राधान्य. म्हणजे एक पैसा न लावता तुमचा शर्यतीत हात असतो. तुझ्या ओगुरी कॅपने १९८९ साली मतांचा जो विक्रम केला तो थेट २०२१ पर्यंत टिकला. २०२१ म्हणजे कुठलं वर्ष? उमामुसुमे जपानमध्ये आलं ते. सगळं श्रेय गेमचं असं मी म्हणणार नाही, पण योगायोग म्हणूनही सोडवत नाही. कोणता घोडा कुठल्या गेटमधून सुटणार याची सोडतसुद्धा २०१४ पासून जाहीर कार्यक्रमात काढतात आणि लोक ती लाइव्ह बघतात. कार्यालयात बसून दहा मिनिटांत उरकायचं काम, त्याचा सोहळा केलाय!

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे जॉकीच्या टोपीवरचा कॅमेरा. जेआरए, म्हणजे तिथली मध्यवर्ती संस्था, मोठ्या शर्यतींनंतर ते व्हिडिओ यूट्यूबवर टाकते. ते मुद्दाम बघ. घोड्याचा श्वास, जॉकीचं ओरडणं, आणि शर्यत संपल्यावर बाकीचे जॉकी शेजारून जाताजाता अभिनंदन करतात ते. त्यात ना भाव ना टिप, पण एकदा बघितल्यावर घोड्याचं नाव विसरायची बिशाद नाही.

आणि हरणारे घोडे. इथे ते लोक खरे भारी आहेत. तुझ्या गेममधला नाइस नेचर. १९९१, ९२, ९३, लागोपाठ तीन वर्षं आरिमा किनेनमध्ये तिसरा. निवृत्त घोड्यांसाठी काम करणारी संस्था त्याच्या वाढदिवसाला देणग्या गोळा करायची. २०२१ मध्ये, गेम आल्यावर काही आठवड्यांतच, साडेतीन कोटी येनहून जास्त जमले. पैसे म्हाताऱ्या घोड्यांच्या दाणावैरणीला आणि औषधाला. तो ३५ वर्षांचा होऊन २०२३ मध्ये गेला.

हारू उरारा तर तुला माहीतच असेल. ११३ शर्यती, एकही विजय नाही. २२ मार्च २००४ ला जपानमधल्याच कोचीच्या छोट्या रेसकोर्सवर युताका ताके, म्हणजे तिथला सगळ्यात नावाजलेला जॉकी, तिच्यावर बसला. पाऊस पडत होता, तरी १३ हजार लोक. ती ११ जणांत दहावी आली, आणि ताकेने हरलेल्या घोडीला घेऊन प्रेक्षकांसमोरून विजयाची फेरी मारली. २०२५ मध्ये इंग्रजी आवृत्ती आल्यावर परदेशी खेळाडू तिच्या गवतासाठी पैसे पाठवायला इतके तुटून पडले की ती वेबसाइट बसली. ९ सप्टेंबर २०२५ ला ती गेली, २९ वर्षांची होऊन.

पण एक सांगतो, ही गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. हारू उराराने कोची वाचवलं नाही. गर्दी आली, टीव्ही आला, आणि वर्षभरात सगळं ओसरलं. २००८ च्या सुमारास तिथली वर्षाची तिकीटविक्री ४०० कोटी येनच्या आत आली होती, जिंकणाऱ्या घोड्याला एक लाख येनच्या आसपास बक्षीस. कोची तगलं ते दुसऱ्या जमावावर. २००९ पासून त्यांनी शर्यती रात्री दिव्यांखाली घ्यायला सुरुवात केली. दिवसभराच्या शर्यती आटोपून देशभरची माणसं घरी फोन घेऊन बसलेली असतात, त्या वेळेला. त्यातही शेवटची शर्यत अशी बांधतात की तिच्यात सगळे अलीकडे हरत आलेले घोडे. कोण जिंकेल कुणालाच सांगता येत नाही, म्हणून दिवसभर हरलेला माणूस शेवटचा डाव टाकायला थांबतो. पुढच्या बारा-तेरा वर्षांत विक्री ९ हजार कोटी येनच्या पुढे. धंदा म्हणून डोकं जबरदस्त, पण तुझ्या आईला हे वाचून दाखवू नकोस. हरलेल्याला शेवटच्या शर्यतीपर्यंत बसवून ठेवणं मला काही फार पटत नाही.

हिशेबनीस
फुनाबाशीकर, छान लिहिलंत, पण जपानचं इथे लागू पडायला आधी गणित बघा. तिकडे साध्या विन तिकिटावर, म्हणजे पहिला कोण येणार त्यावर, कापून घेतात २० टक्के. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्ट १९९६ मध्येच म्हणालंय, पण कराच्या बाबतीत ती बसते कॅसिनोच्या पंगतीत. त्यात ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ मध्ये नवा कायदा. या वातावरणात कुठला क्लब रेसची जाहिरात करायला पुढे येईल? आज रील टाकली की उद्या कुणीतरी तक्रार करणार.

फुनाबाशीकर
हिशेबनीस, उलट माझं म्हणणं हेच आहे. पैशांची जाहिरात करताच येत नसेल तर घोड्याची करा ना! सकाळच्या सरावाचा मिनिटभराचा व्हिडिओ, खाली घोड्याचं नाव, घोडा सांभाळणारा सईस दोन वाक्यं बोलतोय मराठीत नाहीतर हिंदीत, बस. त्याला ना जीएसटी ना कायदा आडवा येतो. अर्थात त्यातून लगेच गल्ल्यात काही पडणार नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातंय 😄

राजगुरुनगरकर
तुम्ही लोक जपानला कशाला गेलात, आमच्या घाटात, म्हणजे बैलगाडे पळतात त्या धावपट्टीवर, या की.

बैलगाडा शर्यती २०१४ ला बंद झाल्या, २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली. मधली सात वर्षं पोरं जुने व्हिडिओच बघत होती. आणि आता? यात्रेतली शर्यत यूट्यूबवर लाइव्ह, वर ड्रोन, निवेदकाचा आवाज चिरकेपर्यंत. बकासूर, मथुर ही बैलांची नावं शाळेतल्या पोराला विचारा, कुठल्या मैदानात कोण आधी आलं ते सांगेल. बैलाच्या नावाचे टीशर्ट, गाडीच्या काचेवर बैलाचा फोटो, वाढदिवसाला केक आणि डीजे (हे जरा अतीच आहे, बैलाला त्या आवाजाचं काय सुख?). हे कुठल्या संस्थेने ठरवून केलेलं नाही. मालक आणि गावातली पोरं, हातात मोबाइल, एवढंच.

रेसकोर्सवाल्या घोड्यात आणि आमच्या बैलात फरक एवढाच की आमचा बैल संध्याकाळी गावात परत येतो. त्याला कुणीही जाऊन हात लावतं. तुमचा घोडा भिंतीआड. तसा आमच्याकडेही घोडा असतो बरं का, घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते. तिच्यासाठी मात्र कुणी केक कापलेला बघितला नाही.

गिरगावचा_म्हातारा
भिंतीआडचं बरोबर बोललात. महालक्ष्मीला २११ एकरांतले १२० आता उद्यानासाठी महापालिकेकडे गेले, उरले ९१. उद्यानात लोक येतील तेव्हा त्यांच्या चालायच्या वाटेवरून सकाळचे घोडे दिसतील अशी व्यवस्था केली तरी पुष्कळ झालं. पण आम्हाला विचारतंय कोण.

आणि मिरजकर, ते हरलेल्या घोड्यांच्या शर्यतीचं कळलं. आमच्या वेळी अशी शर्यत असती तर माझं घर राहिलं नसतं.

कोथरूडची_ट्रेनर
बाप रे, एवढं सगळं! काका, दादा, सगळ्यांना थँक्यू. टोपीवरच्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ कालपासून बघतेय, आणि आईला नाइस नेचरबद्दल सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: "आणि आपल्याकडचे म्हातारे घोडे कुठे जातात?" मला उत्तर देता आलं नाही. कुणाला प्रत्यक्ष काही माहीत आहे का?

दादा, अजून एक. फॉरेव्हर यंग हा घोडा नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ब्रीडर्स कप क्लासिक ही मोठी शर्यत जिंकला, त्याचा मालक आणि उमामुसुमे यांचा काही संबंध आहे असं कुणीतरी लिहिलं होतं. खरं की थाप?

फुनाबाशीकर
खरं. गेम बनवणारी कंपनी सायगेम्स, तिची मालक कंपनी सायबरएजंट, आणि तिचे संस्थापक सुसुमु फुजिता हे त्या घोड्याचे मालक. ती शर्यत जिंकणारा तो जपानचा पहिलाच घोडा. म्हणजे गेमने रेसला माणसं दिली आणि गेमच्या मालकाने रेसला घोडा दिला.

म्हाताऱ्या घोड्यांचं: काही रायडिंग स्कूलमध्ये जातात, काही पैदाशीला स्टड फार्मवर. पण नाव घेऊन एखाद्या घोड्याचा माग काढायचा तर स्टडवाल्यांशी ओळख लागते. पुण्याच्या आसपास घोडेस्वारी शिकवणाऱ्या जागा आहेत, तिथे जाऊन विचार, हा घोडा आधी धावायचा का. बरेचदा हो म्हणतात, आणि मग नाव सांगतात. नाव मिळालं की इथे टाक, जुने निकाल मी शोधून देतो.

राजगुरुनगरकर
आणि त्या ठिपकेवाल्या घोडीचं नाव काय ते सांगितलंच नाहीस.