स्ट्रीमिंगचा आवाज सपाट येतोय, डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग आवाज करणारं उपकरण) घ्यावा का?

तानपुरावेडा: मंडळी, घरी जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आणि बुकशेल्फ स्पीकर आहेत, सीडी लावली की तानपुरा खोलीभर भरतो पण तेच रेकॉर्डिंग फोनवरून ब्लूटूथने लावलं की जवारी (तारांचा तो झणझणीत गुंजारव) कुठे जाते कळतच नाही, डॅक घेऊ का? बजेट फार नाही.

सूरसंगत: आधी ब्लूटूथ सोडा. ब्लूटूथचा साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत (सेकंदाला किलोबिट) जातो, सीडी १४११ ला. अ‍ॅपमध्ये लॉसलेस (काहीही न गाळता येणारा आवाज) ऑन करा, अ‍ॅपल म्युझिकला तर ते २०२१ पासून जादा पैसे न घेता मिळतंय. मग फोनला यूएसबी डॅक आणि तिथून वायरने अ‍ॅम्प, छोटा डोंगलवालासुद्धा चालतो. हायरेझच्या (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या फाइल्सच्या) मागे लागू नका, सीडीचं १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ कानाला पुरतं असं माझं ठाम मत.

कानसेन_पुणे: शिवाय ईक्यू (बेस-ट्रेबल कमीजास्त करणारी सेटिंग) बंद, फोनचा व्हॉल्यूम फुल, कमीजास्त अ‍ॅम्पवरूनच करा. आणि स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढून बघा, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर, फुकटात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

तानपुरावेडा: ओढले स्पीकर!! मंद्र षड्ज एकदम मोकळा झाला हो. डॅक आता पगार झाल्यावर.