इंदूर: १०० रुपयांची सवलत सांभाळावी की गच्चीवर सोलर बसवावं?

सुदामानगरची_सून
नमस्कार. घरात चार माणसं. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत महिन्याला साधारण २१० युनिट, मे महिन्यात कूलरमुळे २४०. थंडीत गीझरमुळे १५५ ते १६५. म्हणजे अटल गृहज्योतीची (मध्य प्रदेश सरकारची योजना: महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलात तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत) १५० ची मर्यादा वर्षभर हुकते. पीएम सूर्यघरमध्ये (गच्चीवरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची योजना) २ किलोवॅटचं कोटेशन १ लाख ३० हजारांचं आलंय. सबसिडी वजा जाऊन खिशातून ७० हजार, याच्या वर जाता येणार नाही. बिल अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. काय करावं?

राजेंद्रनगरकर
ताई, सरळ ३ किलोवॅट घ्या. सबसिडी १ किलोवॅटला ३०,००० आणि २ ला ६०,०००. ३ आणि त्यापुढे कितीही घ्या, ७८,००० वरच थांबते. आमचं ३ चंच आहे, एसी आला तरी पुरेल.

तारवाला
७० हजार म्हटलंय त्यांनी. आणि एक गोष्ट कोटेशनवाले सांगत नाहीत: सबसिडी आधी कापून मिळत नाही. पूर्ण रक्कम विक्रेत्याला द्यायची. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागून कमिशनिंग रिपोर्ट, म्हणजे यंत्रणा सुरू झाल्याचा अहवाल, योजनेच्या पोर्टलवर चढला की मग रद्द केलेला चेक आणि खात्याचा तपशील भरायचा, त्यानंतर पैसे खात्यात येतात. मधल्या काळात १ लाख ३० हजार हातात हवेत, नाहीतर बँकेचं कर्ज. ३ किलोवॅटपर्यंत तारण लागत नाही.

सगळ्यात आधी बिलावरचं नाव बदला. मृत्यू दाखला, मालमत्ता कराची पावती, इतर वारसांची ना-हरकत, ओळखपत्र. पोर्टलवरची नोंदणी ग्राहक क्रमांकावरून होते. बिलावर एक नाव आणि बँकखात्यावर दुसरं असेल तर शेवटच्या टप्प्यावर येऊन अडतं.

बॅटरीप्रेमी
हायब्रिड इन्व्हर्टर (बॅटरीवरही चालणारा) आणि लिथियम बॅटरी घ्या. साधं सोलर घेऊन वीज गेल्यावर अंधारातच बसायचं असेल तर उपयोग काय?

तारवाला
ऑनग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीविना थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, पुरवठा गेल्यावर मुद्दामच बंद होतो. नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत आपली वीज जाईल. बॅटरीला सबसिडी नाही. ७० हजारांत ती बसत नाही, विषय संपला.

लोकमान्यनगर_काका
आमचं बिल स्मार्ट मीटर लागल्यापासूनच वाढलंय. आधी मीटर तपासून घ्या.

ऊर्जस_वापरणारी
काका, शंका असेल तर चेक मीटर लावायचा अर्ज द्या. दोन्ही मीटर एकाच लाइनवर काही दिवस चालवले की फरक कागदावर येतो. स्मार्ट मीटरचा फायदाही आहे: वीज कंपनीच्या ऊर्जस ॲपवर रोजचे युनिट दिसतात. गृहज्योतीचा हिशोब रोज सरासरी ५ युनिट असा आहे. ३० दिवसांच्या बिलात १५० पर्यंत पहिले १०० युनिट १०० रुपयांत, वरचे ५० नेहमीच्या दराने. १५१ वा युनिट पडला की त्या महिन्याची सवलत पूर्ण गेली. म्हणून वीस तारखेलाच आकडा बघावा.

राजेंद्रनगरकर
तेच म्हणतोय, ३ घेतलं की हे मोजत बसावं लागत नाही.

छतमिस्त्री
किलोवॅट किती ते नंतर बघू. गच्चीवर टाकी कुठे आहे? १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट येतात. डिसेंबरात इंदूरला भर दुपारीसुद्धा टाकीची सावली तिच्या उंचीएवढी उत्तरेकडे पडते, सकाळी नऊला अडीचपट. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, एकावर सावली आली की पूर्ण ओळ खाली येते. म्हणून पॅनेल टाकीच्या दक्षिणेला ठेवा.

कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून घ्या: पॅनेल डीसीआर म्हणजे देशी सेलची (त्याशिवाय सबसिडी नाही), स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, गंजू नये म्हणून), आणि अर्थिंग तीन वेगळी: एसी (घराकडची बाजू), डीसी (पॅनेलची बाजू), वीजरोधक. तिन्ही एकाच खड्ड्यात घालून देणारे भेटतात. वीज कोसळली तर पहिला इन्व्हर्टर जातो.

पंखेमोजणी
कुणी वापर मोजला नाही. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३०. चार पंखे, रोज १४ तास: दिवसाला अडीच युनिट वाचतात, महिन्याला ७५. २१० चे १३५ होतात. मे महिन्यात तरीही १६५ राहतील, तो महिना सवलतीबाहेरच. थंडीत २५ लिटरचा गीझर एकदा पूर्ण तापायला जवळपास सव्वा युनिट घेतो. दोनदाचा एकदा केला की १३० च्या आत.

बॅटरीप्रेमी
पंख्यांनी कुठे बिल कमी होतं? सोलरच घ्या.

सुदामानगरची_सून
सर्वांचे आभार. सोलर यंदा नाही. चार बीएलडीसी पंखे आणि गीझरला टायमर, १५ हजारांच्या आत बसतंय. नाव बदलायचा अर्ज मात्र या आठवड्यात देते.

राजेंद्रनगरकर
चूक करताय ताई. एसी घेतलात की परत याच धाग्यावर याल.

पंखेमोजणी
पंखे लावताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढून टाकायला सांगा, थेट स्विचवर जोडा. रेग्युलेटर मध्ये राहिला तर पंख्याचं सर्किट जळतं आणि वॉरंटीत बदलून मिळत नाही.